‘हाफ-टिम्बर्ड’ म्हणजे ‘अर्धलाकडी’ का?

इंग्लंडमधील चेशर परगण्यातल्या लिटल मोर्टन हॉल या जुन्या घराविषयी लिहिताना ‘हाफ-टिम्बर्ड’ या विशेषणासाठी ‘अर्धलाकडी’ हा शब्द वापरावा का, असे एका वाचकाने विचारले आहे. माझ्या मते वापरू नये. ‘अर्ध’ म्हटले की खालचा अर्धा भाग दगडी आणि वरचा लाकडी असावा, किंवा घराचा निम्माच भार लाकडावर असावा, असा समज होतो. आणि हे दोन्ही समज चुकीचे आहेत.

सोळाव्या शतकाच्या आरंभापासून टप्प्याटप्प्याने उभारल्या गेलेल्या या घराचा सगळा भार ओकच्या खांबांवर आणि तुळयांवर आहे. अशा घरांत एका लाकडाचे कूस (टोकाशी कोरलेली जीभ) दुसऱ्याच्या खाचेत बसवून त्यात लाकडी खुंटी ठोकलेली असते. खांबांमधले गाळे नंतर भरले जातात आणि ते भार पेलत नाहीत. पुढे सुमारे ६८ फूट लांबीची ‘लाँग गॅलरी’, म्हणजे एक लांबट दालन, माथ्यावर चढवली गेली आणि तिच्या छपरावर जड दगडी फरशा घातल्या गेल्या, तेव्हा त्या वजनाने खालच्या मजल्यांची लाकडे वाकली. भार कोणाच्या खांद्यावर आहे, हे त्या वाकलेल्या लाकडांवरून स्पष्ट दिसते. म्हणून ‘लाकडी सांगाड्याचे घर’ हा शब्दप्रयोग मला अचूक वाटतो. इंग्रजीतही ‘टिम्बर-फ्रेम्ड’ हा याच अर्थाचा शब्द आहे.

गाळ्यांतल्या भरावासाठी मात्र नवा शब्द घडवण्याची मुळीच गरज नाही. काठ्या विणून त्यांवर माती, शेण आणि गवत यांचा गिलावा देण्याच्या इंग्लंडमधील जुन्या रीतीला आपला ‘कूड’ हा शब्द नेमका लागू पडतो. कोकणात कूड कारवीचा असतो आणि तिकडे बहुधा हेझलच्या फांद्यांचा, एवढाच काय तो फरक. इतका जिवंत शब्द हाताशी असताना ‘विणकाठी-लेपभिंत’ असले काही रचणे मला खटकते.

क्रियापदही विचारपूर्वक निवडावे. ‘बांधले’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर गवंडी येतो, पण येथे मुख्य कारागीर सुतार आहे. या घराच्या चौकाकडील १५५९ सालच्या खिडक्यांवर, त्या देवाच्या कृपेने आपण केल्या, असा मजकूर रिचर्ड डेल या सुताराच्या नावाने कोरलेला आहे. अशा घरासाठी ‘उभारले’ हे क्रियापद मी पसंत करीन.