कोरल ब्यूटीसोबत फ्लेम एंजल आणि बायकलर, एकाच टँकमध्ये राहतील का?

तुम्ही लिहिलंय की मडगावला तुमच्याकडे ४ फुटी सॉल्टवॉटर टँक आहे, त्यात आठ महिन्यांपासून एक कोरल ब्यूटी आहे आणि आता फ्लेम एंजल आणि बायकलर असे अजून दोन ड्वार्फ एंजल (लहान जातीचे एंजल मासे, कोरल ब्यूटीही त्यातलीच) आणायचेत, दुकानदार म्हणाला काही होत नाही. होतं हो. दोन राहू शकतात, तीन नाही, बायकलर तर नकोच. आणि त्या दोघांसाठीसुद्धा आधी तुमची कोरल ब्यूटी टँकमधून बाहेर काढावी लागेल, हे ऐकून बहुतेक लोक तिथेच विचार सोडून देतात.

मी फोंड्याला राहतो, माझा टँक ४ बाय २ बाय २ चा, म्हणजे कागदावर साडेचारशे लिटर, रॉक आणि वाळू धरली तर पाणी त्याहून कमीच. माझ्याकडेही आधी एकटी कोरल ब्यूटी होती, एकदम शांत, दिवसभर रॉकवरचं शेवाळ टोचत फिरायची, मला वाटलं हिला कुणीही चालेल. मुंबईहून रात्रीच्या बसने फ्लेम मागवला तो नेमका चवथीच्या आठवड्यात आला, घरात पाहुणे, गणपतीवर फळं-पानांची माटोळी बांधायची होती, मी संध्याकाळी घाईघाईत पाण्याची सवय करून दिली आणि सोडला आत. दुसऱ्या दिवशी दुपारी नीट बघितलं तर फ्लेम वरच्या कोपऱ्यात पाईपच्या मागे उभा, शेपटीच्या चिंध्या, जेवायला पण खाली येईना. तिसऱ्या दिवशी गेला. आई म्हणाली एवढ्या पैशांत केवढं इसवण (सुरमई) आलं असतं, आठवडाभर हुमण (माशाची आमटी) खाल्लं असतं, आणि यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

चूक त्या कोरल ब्यूटीची नव्हती. हे मासे समुद्रात एक नर आणि त्याच्या काही माद्या असे राहतात आणि प्रत्येक नराची हद्द ठरलेली असते. गंमत म्हणजे सुरुवातीला सगळे मादीच असतात, त्यातला जो मोठा आणि दांडगा होतो तो नर होतो. म्हणजे तुमच्या टँकमध्ये आठ महिने एकटीच राज्य करणारी ती कोरल ब्यूटी आता स्वतःला मालक समजून बसलीय, कदाचित नर झालाही असेल, आणि तुम्ही तिच्या घरात तिच्याच अंगलटीचा, तिच्यासारखंच खाणारा, त्याच भोकांत झोपणारा मासा सोडणार. समुद्रात हरलेला मासा पळून पुढच्या रॉकवर जातो, ४ फुटात पळून पळून जाणार कुठे, परत काच.

म्हणून दुसऱ्या वेळी उलटं केलं. नवीन फ्लेम आधी ६० लिटरच्या वेगळ्या टाकीत चार आठवडे ठेवला, पांढरे ठिपके किंवा वेल्वेट हे माशांचे रोग आहेत का ते कळायला तेवढा वेळ लागतोच, आणि नवीन मासा सरळ मेन टँकमध्ये सोडणं हा जुगार आहे. मग अदलाबदल केली, कोरल ब्यूटी काढून त्या लहान टाकीत, फ्लेम मोठ्या टँकमध्ये. काढायला दीड तास लागला, अर्धे रॉक बाहेर आले, लादी भिजली, बायको काही बोलली नाही पण दार जोरात लावलं. एक लक्षात ठेवा, एंजलच्या गालाजवळ एक काटा असतो तो जाळीत अडकतो, ओढलं की मासा जखमी होतो, त्यामुळे जाळीने फक्त हाकलायचं आणि पकडायचं पारदर्शक डब्यात. रॉक बाहेर आलेच होते तर परत लावताना रचना पूर्ण बदलली, जुन्या गुहा राहिल्याच नाहीत.

फ्लेमला दोन आठवडे एकट्याला मोठा टँक दिला. मग कोरल ब्यूटी परत आणली पण लगेच मोकळी नाही सोडली, फॉल्स सीलिंगच्या ट्यूबलाईटला लावतात ती प्लास्टिकची चौकोनी जाळी कापून टँकच्या एका टोकाला कप्पा केला आणि त्यात पाच दिवस ठेवली. पहिले दोन दिवस दोघं जाळीच्या दोन बाजूंना पंख फुलवून आडवे उभे, नुसती मारामारीची तयारी, चौथ्या दिवशी कंटाळले. पाचव्या रात्री लाईट बंद करून जाळी काढली.

त्यानंतर तीनेक दिवस पाठलाग झाला, तो होणारच, घाबरू नका. बघायचं हे की पाठलाग करणारा थोडं हाकलून परत फिरतो का. फिरला तर ठीक. दुसऱ्याच्या लपायच्या जागेत घुसून मारत असेल, किंवा हरलेला वर पाण्याच्या कडेला जोरजोरात श्वास घेत उभा असेल आणि खायला येत नसेल, तर त्याच दिवशी वेगळं करा, "बघू उद्या" करू नका. माझ्याकडे डावी बाजू कोरल ब्यूटीची झाली, उजवी फ्लेमची, मधल्या दोन रॉकवरून रोज संध्याकाळी कटकट होते, दोन वर्षं झाली अजून मिटली नाही. पण जखम कुणालाच नाही.

बायकलर का नको, तर तो १५ सेंटीमीटरपर्यंत जातो, तुमचे बाकीचे दोघं १० च्या आसपास थांबणारे, आणि स्वभावाने तो तापट. लेमनपील आणि एबली हे ड्वार्फ एंजल पण त्याच माळेतले. लहान दिसतो म्हणून चेरब घ्यायचा मोह होईल, पण तो आकाराने लहान आणि डोक्याने फिरलेला असतो. एकाच जातीची जोडी करायची असेल तर एक मोठा आणि एक अगदी स्पष्ट लहान घ्या, मग कोण मोठा हा वाद फारसा उरत नाही. सारख्या मापाचे दोन घेतले तर तो वाद तुमच्या टँकमध्येच सुटणार. आणि पहिल्या दोन महिन्यांच्या शांततेवर जाऊ नका, पिल्लं म्हणून आणलेले वर्षभराने वयात आले की एकदम वैरी झाल्याचं बघितलंय, ती लहान टाकी विकून टाकू नका.

खाणं हा अर्धा इलाज आहे. हे दिवसभर चरणारे मासे, भुकेले राहिले की आणखी भांडतात, म्हणून मी नोरी (वाळवलेलं समुद्री शेवाळ) दोन टोकांना दोन क्लिपवर लावतो, स्पिरुलिना (शेवाळाचं खाद्य) आणि मायसिस (बारीक कोळंबीसारखे जीव) दिवसातून तीनदा थोडं थोडं. तरी कोरल किंवा क्लॅम असेल तर ते टोचणार नाहीत याची खात्री कुणी देऊ नये, माझ्या फ्लेमने झोअँथिड (कोरलसारखे मऊ जीव) साफ केले. (आपल्याकडच्या समुद्रातून कोरल किंवा त्याचा दगड उचलून आणायचा विचारही नको, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात ते शेड्यूल एकमध्ये आहेत.)

गोव्याचं म्हणून दोन गोष्टी. एप्रिल-मे मध्ये पाणी ३० अंशांच्या वर गेलं की त्यात ऑक्सिजन कमी राहतो, आणि पळापळ करणाऱ्या माशांना तो जास्त लागतो, म्हणून चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) नसेल तर दुसरा एंजल उन्हाळ्यात आणूच नका, मी २६ वर ठेवतो. पावसात लाईट जातो, तेव्हा इन्व्हर्टर वेव्हमेकरला (टँकमधलं पाणी हलवणाऱ्या पंपाला) द्या, टँकचे दिवे बंद राहिले तरी चालतात. आणि मिरामारचं पाणी भरून आणणारे मित्र भेटतील, पावसात मांडवी आणि जुवारीचं गोडं पाणी आणि गाळ सगळा तिथेच येतो, आरओचं पाणी आणि सॉल्ट मिक्स हेच बरं, खारटपणा मोजताना पाण्याची विशिष्ट घनता १.०२५ ला धरा.

तिसरा मासा हवाच असेल तर एंजलच्या अंगलटीचा नको, एखादी फायरफिश किंवा वाळूत राहणारा गोबी घ्या, आणि तो या दोघांच्या आधी सोडा.