ट्रेड आणि सायकॉलॉजी एकाच पदवीत: सांगलीच्या एका पालकांना उत्तर

प्रश्न: आमचा सांगलीत हळद आणि बेदाण्याचा व्यापार आहे. माल मुंबईच्या निर्यातदाराला देतो, स्वतः निर्यात करत नाही. मुलगी बारावी कॉमर्सला आहे. तिला इंटरनॅशनल ट्रेड आणि सायकॉलॉजी अशी डबल मेजर पदवी हवी आहे. कोणी म्हणतं एक डिग्री कॉलेजातून कर आणि दुसरी मुक्त विद्यापीठातून. कोणी म्हणतं सरळ बीबीए कर. दोन्हीकडे अर्धवट राहील अशी भीती वाटते. काय करावं?

उत्तर:

नमस्कार. आधी सल्ला सांगतो, मग कारणं. मुलीने मेजर, म्हणजे मुख्य विषय, मानसशास्त्र ठेवावा. ट्रेड मायनरमधून, म्हणजे दुय्यम विषयातून, एखाद्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमातून आणि तुमच्याच पेढीतल्या कामातून शिकावा. याच्या उलट करू नये.

ट्रेडचं दार पदवीनंतरही उघडं राहतं. दिल्लीच्या आयआयएफटी या परदेश व्यापाराच्या संस्थेत इंटरनॅशनल बिझनेसचं एमबीए कोणत्याही शाखेच्या पदवीधराला करता येतं, प्रवेश कॅट या परीक्षेच्या गुणांवर होतो. पुण्यात सिम्बायोसिसच्या एसआयआयबी या व्यवस्थापन संस्थेतही कुठलीही पदवी चालते, तिथे स्नॅप ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. आणि स्वतः माल पाठवायचा तर पदवीच लागत नाही. डीजीएफटीच्या, म्हणजे परकीय व्यापार महासंचालनालयाच्या, पोर्टलवर ५०० रुपये भरून आयईसी, म्हणजे आयात-निर्यात कोड, काढायचा, तो क्रमांक म्हणजे तुमचा पॅनच असतो. दरवर्षी एप्रिल ते जून या काळात त्यातली माहिती तपासून पुष्टी करायची, नाहीतर कोड निष्क्रिय होतो.

मानसशास्त्राचं तसं नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी लागते आणि ती फक्त आरसीआयमान्य अभ्यासक्रमातून मिळते. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२४ च्या पदव्युत्तर आराखड्यानुसार मायनर विषयातही एम.ए. करता येतं, प्रवेश परीक्षा देऊन विषयही बदलता येतो. पण प्रवेशासाठी स्पर्धा होते तेव्हा पदवीत संशोधन पद्धती, संख्याशास्त्र आणि प्रात्यक्षिकं किती केली ते पाहिलं जातं. परदेशी मास्टर्सला अर्ज केला तर मार्कशीटवरच्या मानसशास्त्राच्या विषयांची अक्षरशः मोजदाद होते. ही उणीव नंतर भरून काढायला दोन-तीन वर्षं जातात.

आता डबल मेजर, म्हणजे एकाच पदवीत दोन मुख्य विषय. यूजीसीच्या डिसेंबर २०२२ च्या पदवी आराखड्यात ही सोय आहे. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट (अभ्यास मोजण्याचं एकक) लागतात. मेजरला त्यातले निम्मे, म्हणजे ६०, आणि दुसऱ्या मेजरला किमान ४० टक्के, म्हणजे ४८. बेरीज १०८ झाली, उरले १२. पण त्याच आराखड्यात बहुविद्याशाखीय विषयांना ९, भाषांना ८, कौशल्य विषयांना ९, मूल्यवर्धित विषयांना किमान ६ आणि इंटर्नशिपला किमान २ क्रेडिट ठेवले आहेत. हे ३४ होतात. म्हणजे डबल मेजर १२० मध्ये बसत नाही, १४२ च्या आसपास जातं. जादा २२ क्रेडिट म्हणजे एका पूर्ण सत्राचा अभ्यास. तो कधी घ्यायचा, कोणत्या वेळापत्रकात घ्यायचा, त्याची फी वेगळी लागते का, याचं उत्तर प्रवेशाआधीच मागा. महाराष्ट्रात दर सत्राला साधारण २२ असे तीन वर्षांचे १३२ क्रेडिट धरतात, तरीही कमी पडतातच.

खरी अडचण त्याच्याही पुढे आहे. मानसशास्त्र मानव्य विद्याशाखेत येतं आणि ट्रेड वाणिज्य-व्यवस्थापनात. कॉलेज जे विषय चालवतं त्यांतूनच निवड करता येते आणि दोन विद्याशाखांचे तास बहुतेक वेळा एकाच वेळी असतात. बीबीए तर आता एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आहे, त्याला राज्याची वेगळी सीईटी द्यावी लागते. ‘बीबीए इंटरनॅशनल बिझनेस आणि बी.ए. सायकॉलॉजी मिळून एक पदवी’ असं सांगत कोणी प्रवेशाला बसवलं, तर विद्यापीठाचा आराखडा दाखवा म्हणायचं. मुंबई विद्यापीठाच्या जुन्या बी.ए.त तिसऱ्या वर्षी दोन विषयांचे तीन-तीन पेपर घेता येत आणि लोक त्यालाच डबल मेजर म्हणत. घरातल्या मोठ्यांच्या डोक्यात तेच असतं. आजचं गणित वेगळं आहे.

एकाच वेळी दोन पदव्या घ्यायला यूजीसीने एप्रिल २०२२ मध्ये परवानगी दिली हे खरं. दोन्ही कॉलेजं प्रत्यक्ष उपस्थितीची असतील तर तासांच्या वेळा एकमेकांवर येता कामा नयेत. नाहीतर एक प्रत्यक्ष आणि एक दूरस्थ, असं करता येतं. पण २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्रासह आरोग्यसंलग्न विषयांचे नवे प्रवेश दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने द्यायला यूजीसीने मनाई केली आहे. त्यामुळे ‘ट्रेड कॉलेजात, सायकॉलॉजी मुक्त विद्यापीठातून’ हा तुम्हाला मिळालेला सल्ला आता लागू पडत नाही. त्यावर पैसे भरू नका.

उलट बाजूने मार्ग आहे: मानसशास्त्र कॉलेजात आणि बी.कॉम. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून. माझ्या मते त्याची गरज नाही. दोन विद्यापीठांच्या परीक्षा एकाच आठवड्यात येतात, मूळ दाखला दोघांनाही हवा असतो, आणि पहिल्या सत्रात एक-दोन विषय राहिले की मुलं नेमका आवडीचा विषय सोडतात. त्यापेक्षा विद्यापीठ मान्य करत असेल तर स्वयम् या सरकारी ऑनलाइन शिक्षणाच्या पोर्टलवरून ट्रेडचे विषय घ्यावेत. एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय तिथून घेण्याची यूजीसीची मुभा आहे. मायनरला अर्थशास्त्र किंवा वाणिज्य मिळालं तर आंतरराष्ट्रीय अर्थशास्त्राचा पेपर आवर्जून घ्यावा.

कॉमर्सच्या मुलीला मानसशास्त्र म्हणजे माणसं ओळखणं असं वाटत असेल, तर तिला आधीच सांगा: तीन वर्षांत सर्वांत जास्त दमवतं ते संख्याशास्त्र. सहसंबंध, गटांच्या सरासऱ्यांची तुलना करणाऱ्या टी-चाचणी आणि अनोव्हा, चाचण्यांची विश्वसनीयता, प्रयोगाची मांडणी आणि प्रयोगवही. विद्यार्थी गळतात ते इथेच. तिचं बारावीचं गणित पक्कं असेल तर हीच तिची सर्वांत मोठी जमेची बाजू ठरेल, कारण ट्रेडमध्येही पुढे आकडेच येतात. आकडेवारीची जामोवी आणि आर ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत, पहिल्या सुट्टीतच उतरवून घ्यावीत.

ट्रेड शिकायला तुमच्या पेढीइतकी चांगली जागा सांगलीत तिला मिळणार नाही. सौद्यातून माल घेतल्यापासून न्हावा शेवा बंदरात कंटेनर चढेपर्यंतची सगळी कागदपत्रं मुंबईच्या निर्यातदाराकडून एकदा मागून घ्या: कमर्शियल इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल (कस्टमला द्यायचा निर्यातीचा कागद), बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची पोच), सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन (माल कोणत्या देशाचा त्याचा दाखला), फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (माल रोग-किडीपासून मुक्त असल्याचा दाखला). तिने ती समोरासमोर ठेवून वाचावीत. बेदाण्याचं एचएस, म्हणजे मालाचं आंतरराष्ट्रीय, वर्गीकरण ०८०६.२०, हळदीचं ०९१०.३०. पहिले सहा अंक जगभर सारखे, पुढचे दोन आपल्या देशाचे. कोड चुकला की शुल्क, सवलत आणि समोरच्या देशाचे नियम, तिन्ही चुकतात.

मग लेटर ऑफ क्रेडिट (एलसी), म्हणजे कागद जुळले तर पैसे देण्याची खरेदीदाराच्या बँकेची हमी. बँक माल पाहत नाही, कागद पाहते. यूसीपी ६०० या एलसीच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे इन्व्हॉइसवरचं मालाचं वर्णन एलसीतल्या वर्णनाशी जुळलं पाहिजे. एलसीत ‘टर्मरिक फिंगर्स’ असेल आणि तुम्ही नुसतं ‘ड्राय टर्मरिक’ लिहिलंत, तर कितीही उत्तम हळद पाठवली तरी पैसे अडकू शकतात. माल चढल्यापासून २१ दिवसांत आणि एलसीची मुदत संपण्याच्या आत कागद सादर करायचे, बँकेला तपासायला जास्तीत जास्त पाच कामकाजाचे दिवस. खर्च आणि जोखीम कोणाकडे हे ठरवणाऱ्या इन्कोटर्म्स २०२० या नियमावलीत ११ अटी आहेत. पाठ करायला त्या अर्ध्या तासाच्या आहेत, पण त्यांतल्या सीआयएफमध्ये भाडं आणि विमा विक्रेता भरतो तरी जोखीम आपल्याच बंदरात जहाजावर माल चढताच खरेदीदाराकडे जाते, हे एमबीएच्या मुलांनाही मुलाखतीत सांगता येत नाही. उन्हाळ्यात दोन महिने एखाद्या कस्टम ब्रोकरकडे किंवा माल पाठवण्याची व्यवस्था करणाऱ्या फ्रेट फॉरवर्डरकडे डॉक्युमेंटेशनच्या टेबलावर काढले, तर हे सगळं हाताखालून जातं.

हे दोन विषय खरोखर कुठे भेटतात, ते तिला माहीत असलेलं बरं, कारण मुलाखतीत पहिला प्रश्न तोच येणार. १९७७ मध्ये योहान्सन आणि वाह्ल्ने या स्वीडनमधल्या अभ्यासकांनी मांडलं की कंपन्या आधी भाषा-चालीरीतींनी जवळ वाटणाऱ्या देशांत जातात, मग लांबच्या. ट्रेडच्या पुस्तकात याला सायकिक डिस्टन्स, म्हणजे मानसिक अंतर, म्हणतात. काह्नेमान आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं की आधी ऐकलेला आकडा पुढच्या अंदाजाला खेचून ठेवतो, आणि तेवढ्याच नफ्यापेक्षा तोटा जास्त बोचतो. भाव ठरवताना हे रोज घडतं. काह्नेमान यांना २००२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. चौथ्या वर्षी ऑनर्स विथ रिसर्च, म्हणजे संशोधनासह ऑनर्स पदवी, करायचं असेल (पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात), तर प्रबंधाचा विषय यातूनच काढता येईल: बेदाण्याचा खरेदीदार दर्जा कशावरून ठरवतो, रंगावरून, नमुन्यावरून की विकणाऱ्याच्या नावावरून?

नोकरीचं स्पष्ट सांगतो. ‘ट्रेड आणि सायकॉलॉजी’ अशी जोडी मागणारी जाहिरात जवळजवळ दिसत नाही. ग्राहक संशोधन, निर्यात विपणन, परदेशी ग्राहकांशी व्यवहार सांभाळणं, बहुराष्ट्रीय कंपनीचं मनुष्यबळ खातं, इथे जोडीचा उपयोग होतो, पण प्रवेश एका पक्क्या कौशल्यावर मिळतो. सुरुवातीला ते कौशल्य एकतर आकडेवारीचं विश्लेषण असावं, नाहीतर डॉक्युमेंटेशन. अर्धवट राहण्याची तुमची भीती रास्त आहे आणि तिच्यावर उपाय हाच.

परदेशाचा विचार असेल तर दक्षिण कोरियात आंतरराष्ट्रीय व्यापाराचे स्वतंत्र विभाग बऱ्याच विद्यापीठांत आहेत आणि दुसरा मेजर घेणं तिथे रूढ आहे. तिथल्या सरकारच्या जीकेएस शिष्यवृत्तीत पदवीआधी एक वर्ष भाषा शिकवतात, टॉपिक या कोरियन भाषेच्या परीक्षेची तिसरी पातळी गाठावी लागते. भाषेची तयारी नसेल तर आत्ता घाई नको.

येत्या महिन्यात एवढं करा. दोन-तीन कॉलेजांत जाऊन मानसशास्त्र मेजर तिसऱ्या वर्षापर्यंत दरवर्षी चालतो की पुरेसे विद्यार्थी नसले तर बंद होतो, ते विचारा. गेल्या वर्षी तिसऱ्या वर्षात किती मुलं होती तो आकडा मागा. मायनर दुसऱ्या विद्याशाखेतून मिळतो का, त्याचे तास कधी असतात आणि मार्कशीटवर तो कोणत्या नावाने छापला जातो, हे कार्यालयातून लेखी घ्या. मानसशास्त्राची प्रयोगशाळा उघडून दाखवायला सांगा. चाचण्यांचे संच कपाटात बंद असतील आणि वह्या कोऱ्या असतील, तर ते कॉलेज सोडून पुढचं बघा.