केबिनमधला कॅमेरा, अलर्टचा दंड आणि चालकाचा पगार

प्रश्न (संक्षेपाने): मी चाकण परिसरात एका कंत्राटदाराकडे छोट्या टेंपोवर चालक आहे. त्याच्या २२ गाड्या असून माल एका ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपनीचा असतो. पगार दरमहा १९,५०० रुपये बँकेत जमा होतो, पगारपत्रक मिळत नाही. सकाळी सातला हबवर हजेरी आणि रात्री आठला गाडी लावून सुट्टी. चार महिन्यांपूर्वी गाडीत जीपीएस आणि दोन तोंडांचा कॅमेरा बसवला. त्याचे एक तोंड रस्त्याकडे आहे आणि दुसरे माझ्याकडे. वेग, पट्टा, मोबाइल, जांभई अशा प्रत्येक अलर्टला २०० रुपये कापतात. गेल्या महिन्यात १३ अलर्टचे २,६०० आणि बंपर चेपल्याचे ७,००० रुपये कापले. आता एका इंग्रजी कागदावर सही मागतात, आणि सही केली नाही तर काम नाही, असे सुपरवायझर तोंडी सांगतो. पट्टा लावायला माझी ना नाही, पण दिवसात शंभर वेळा उतरणाऱ्याला पुढच्या दारापर्यंत गाडी सरकवतानाही अलर्ट येतो. आमच्यातले जुने चालक म्हणतात की कॅमेरा असू दे, काही जण मात्र त्यावर चिकटपट्टी लावतात. मी काय करावे?

उत्तर: आपल्या पत्रात चालकांची जी दोन मते आली आहेत, त्या दोन्हींत तथ्य आहे. अपघात झाला की चूक कोणाची हे न पाहता जमाव मोठ्या गाडीच्या चालकाला धरतो, आणि तेव्हा रस्त्याकडे पाहणारा कॅमेरा हाच चालकाचा एकमेव साक्षीदार असतो, हे जुने चालक अनुभवाने बोलतात. ज्याला त्याच केबिनमध्ये डबा खायचा असतो, घामाने भिजलेला सदरा बदलायचा असतो आणि माल उतरेपर्यंत दहा मिनिटे डोळे मिटायचे असतात, त्याला आपल्या तोंडावर रोखलेला कॅमेरा नकोसा वाटणे तितकेच स्वाभाविक आहे. तरीही आपला खरा वाद कॅमेऱ्याशी नसून पगारातल्या कपातीशी आहे, आणि या दोन गोष्टी एकत्र केल्या तर आपली भक्कम बाजू कमकुवत बाजूच्या आड झाकली जाईल, असे माझे मत आहे.

कमकुवत बाजू आधी सांगतो. गाडी मालकाची आहे, आणि ती चालवताना तिसऱ्या व्यक्तीला इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकावरही येते, त्यामुळे गाडीत जीपीएस व कॅमेरा बसवण्याचा अधिकार त्याला नाही, असे म्हणणे न्यायालयात टिकणे कठीण आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात सांगितले, परंतु डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ च्या कलम ७ मध्ये नोकरीच्या प्रयोजनासाठी आणि मालकाला नुकसान किंवा दायित्वापासून वाचवण्यासाठी संमतीशिवायही माहिती वापरण्याची मुभा आहे. या अधिनियमाचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून त्याच्या मुख्य तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. आपली हरकत जिथे खरोखर वजनदार ठरते ती जागा वेगळी आहे. रात्री आठनंतर, साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी किंवा जेवणाच्या वेळेत गाडी उभी असताना आतला कॅमेरा चालू ठेवण्यामागे सुरक्षेचे कोणते कारण आहे, असे लेखी विचारावे आणि तेवढ्या वेळेपुरते चित्रीकरण बंद ठेवण्याची मागणी करावी. कॅमेराच काढा, या मागणीपेक्षा ही मागणी मान्य होण्याची शक्यता पुष्कळ अधिक आहे.

आता कपात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता, २०१९ लागू झाली असून वेतन प्रदान अधिनियम, १९३६ ची जागा तिने घेतली आहे. दंडाविषयीची जुनी बंधने मात्र तिच्या कलम १९ मध्ये जवळपास जशीच्या तशी आली आहेत. मालकाला मनाला येईल त्या गोष्टीसाठी दंड करता येत नाही. कोणत्या कृत्यासाठी दंड होईल याची यादी शासनाची किंवा विहित प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता घेऊन कामाच्या जागी सूचना म्हणून लावलेली असावी लागते, दंड करण्यापूर्वी कामगाराला आपले म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते, एका वेतनकालावधीतील एकूण दंड त्या कालावधीच्या वेतनाच्या ३ टक्क्यांपेक्षा अधिक असू शकत नाही, आणि वसूल झालेल्या प्रत्येक रकमेची नोंदवहीत नोंद करून ती कामगारांच्या हिताच्या कामासाठीच वापरावी लागते. आपला सगळा पगार ‘वेतन’ या व्याख्येत बसतो असे धरले तरी ३ टक्के म्हणजे ५८५ रुपये होतात, आणि आपले कापले आहेत २,६००. म्हणजे मान्यता, सूचना आणि संधी या तिन्ही गोष्टी कंत्राटदाराने पाळल्या होत्या असे क्षणभर मानले, तरी २,०१५ रुपये उघडपणे बेकायदा ठरतात. माझ्या अंदाजाने त्याने तिन्हींपैकी एकही पाळलेली नसावी, आणि तसे असेल तर पूर्ण २,६०० रुपये परत मागता येतील.

यंत्राचा अलर्ट आणि पोलिसांचे चलन यांत अनेक चालकांची गल्लत होते, म्हणून थोडे स्पष्टीकरण करतो. मालकाने यंत्रात ताशी ५० किलोमीटरची मर्यादा घातली आणि आपण ५३ ने गेलात, तर त्याने कायद्याची वेगमर्यादा मोडली गेलीच असे नाही, ती मालकाच्या कामाच्या नियमाची बाब असते. असा नियम करायला हरकत नाही, आणि तो वारंवार मोडणाऱ्याला समज देणे, पुन्हा प्रशिक्षण देणे किंवा रीतसर चौकशी करणे हेही मालकाच्या अधिकारात येते. मात्र पैसे कापायचे असतील तर वर सांगितलेल्या वाटेनेच जावे लागेल. जांभईच्या अलर्टचे तर मला नवलच वाटते. तेरा तास राबलेल्या माणसाला जांभई आल्याचे यंत्राने कळवल्यावर त्याला विश्रांती देण्याऐवजी त्याचे दोनशे रुपये कापणे, हे सुरक्षेच्या कोणत्या तत्त्वात बसते ते कंत्राटदाराने एकदा समजावून सांगावे.

बंपरच्या ७,००० रुपयांचा विचार वेगळा करावा लागतो. ताब्यात दिलेल्या वस्तूचे नुकसान कामगाराच्या हयगयीमुळेच झाले असेल तर कलम १८ आणि २१ नुसार कपात करता येते, परंतु ती प्रत्यक्ष नुकसानीपेक्षा अधिक नसावी आणि तत्पूर्वी खुलाशाची संधी दिलेली असावी. दुरुस्तीचे बिल मागा आणि विम्याचा दावा केला होता का तेही विचारा, कारण विमा कंपनीने पैसे दिले असतील तर तेच नुकसान आपल्याकडून दुसऱ्यांदा वसूल करता येणार नाही. आपल्या दोन्ही कपातींची बेरीज ९,६०० होते, आणि एकूण कपात वेतनाच्या ५० टक्क्यांपेक्षा, म्हणजे ९,७५० पेक्षा, अधिक असू नये असा नियम आहे. हा आकडा इतका नेमका खाली बसला आहे की हिशेब कोणा जाणकाराने करून दिला असावा अशी शंका येते. तथापि ५० टक्के ही सर्व वैध कपातींची शेवटची सीमा आहे, तिच्या आत राहिल्याने अवैध कपात वैध होत नाही.

इथपर्यंत आपण बचावात आहात. पण ज्या जीपीएसचा आपण धसका घेतला आहे, त्याच्याकडे मी आपला पुरावा म्हणून पाहतो. सातला गाडी सुरू झाली आणि आठला बंद झाली, ही नोंद मालकाच्याच यंत्रात आहे. जेवणाचा एक तास वगळला तरी रोज बारा तास काम झाले. आठ तासांवरील कामाला दुप्पट दराने मोबदला देणे बंधनकारक आहे, आणि मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ९१ नेही वाहतूक वाहनाच्या चालकाचे कामाचे तास कामगार कायद्यातील मर्यादेशी जोडले आहेत. महिन्याचे २६ दिवस धरले तर आपला दिवसाचा दर ७५० रुपये होतो आणि रोजच्या चार जादा तासांचे दुप्पट दराने पुन्हा ७५० रुपयेच होतात. थोडक्यात, दरमहा आणखी एक पूर्ण पगार आपला येणे निघतो. पगार बारा तासांचाच ठरला होता असा वाद कंत्राटदार घालील, पण तसा करार त्याला दाखवावा लागेल आणि तो दाखवला तरी जादा कामाच्या दराचा प्रश्न उरतोच.

मोटार वाहन अधिनियमाचेच कलम १८३ चालकांना सहसा कोणी वाचून दाखवत नाही. वेगमर्यादा मोडणाऱ्या चालकाइतकाच, त्याला तसे चालवायला लावणारा मालकही त्या कलमाखाली शिक्षेस पात्र असतो. त्याचे उपकलम (४) तर आपल्यासारख्यांसाठीच लिहिले आहे असे वाटावे. अमुक प्रवास अमुक वेळेत पूर्ण करा असा आदेश दिला, आणि त्या परिस्थितीत वेगमर्यादा न मोडता तो प्रवास तेवढ्या वेळेत होणे व्यवहार्य नव्हते असे न्यायालयाचे मत झाले, तर तो आदेशच आदेश देणाऱ्याने गुन्हा केल्याचा प्रथमदर्शनी पुरावा ठरतो. चाकणच्या तळेगाव चौकात संध्याकाळी किती वेळ जातो हे ॲपने आखलेल्या वेळापत्रकाला ठाऊक नसते, आपल्याला असते. म्हणून रोजचे ट्रिप शीट, पार्सलांची संख्या, दिलेली वेळ आणि सुपरवायझरचे ‘लवकर आवरा’ असे संदेश जपून ठेवा. गाडी चालू असताना तोच फोन करत असेल आणि तो उचलल्याचा अलर्ट आपल्या नावावर पडत असेल, तर कॉलच्या नोंदीचेही छायाचित्र घ्या. मात्र चालवताना फोन हातात धरणे कलम १८४ खाली आपलाही गुन्हा ठरते, तेव्हा गाडी बाजूला घेतल्याशिवाय फोन उचलू नये.

चिकटपट्टीचा मार्ग कृपया कोणीही धरू नये. कामावर झालेल्या अपघातात कामगाराला भरपाई मिळते, पण सुरक्षेसाठी दिलेले साधन त्याने जाणूनबुजून काढले किंवा सुरक्षेचा स्पष्ट नियम हेतुपुरस्सर मोडला, आणि दुखापत त्यामुळेच झाली, तर मृत्यू व कायमचे संपूर्ण अपंगत्व वगळता मालकाला भरपाई नाकारता येते. कॅमेरा हे असे साधन आहे की नाही यावर वकील वर्षभर वाद घालतील आणि तोवर हात मोडलेला चालक घरी बसेल. पट्ट्याची सबब तर मुळीच चालणार नाही. दोन दारांमधल्या सरकण्याचा अलर्ट अन्यायकारक वाटत असेल, तर ठरावीक वेगाखाली तो वाजू नये अशी मागणी सर्व चालकांनी मिळून लेखी करावी.

कॅमेऱ्यातील चित्रीकरण काही दिवसांनी पुसले जाते, म्हणून पत्र याच आठवड्यात जायला हवे. मराठीत लिहा. १३ अलर्टचे दिनांक, वेळ व चित्रफिती, जीपीएसच्या चार महिन्यांच्या नोंदी, दंडाची मान्यताप्राप्त यादी, बंपरचे बिल आणि पगारपत्रके मागा, आणि हा वाद मिटेपर्यंत काहीही पुसू नये असे स्पष्टपणे कळवा. पुढे न्यायालयात या नोंदी दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते. जालन्याच्या विधानसभा निवडणुकीवरून उद्भवलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने, मूळ उपकरणच न्यायालयापुढे आणले नसेल तर असे प्रमाणपत्र अनिवार्य असल्याचे जुन्या कायद्याखाली सांगितले होते. आपला कंत्राटदार अलर्टच्या नुसत्या स्क्रीनशॉटवर विसंबून असेल तर ही अट त्यालाही लागू होते.

इंग्रजी कागदाची प्रत मागून घ्या आणि तो मराठीत समजावून दिल्याशिवाय सही करू नका. सही केलीच असेल तर घाबरू नका, कारण वेतन संहितेनुसार मिळणाऱ्या रकमेवरचा हक्क कामगाराने सोडून देण्याचा करार कलम ६० प्रमाणे तेवढ्यापुरता रद्दबातल असतो. सुपरवायझरने तोंडी घरी पाठवले तर मात्र घरी बसून राहू नये. त्याच दिवशी कंत्राटदाराला संदेश आणि पोचपावतीचे टपाल पाठवून, मी कामावर हजर झालो होतो व मला परत पाठवले, असे कळवावे, नाहीतर हा स्वतःच काम सोडून गेला अशी नोंद होते आणि ती पुसायला फार काळ लागतो.

पंधरा दिवसांत उत्तर आले नाही तर सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात वेतन संहितेच्या कलम ४५ खालील दाव्याविषयी अर्ज करा. दाव्याची मुदत तीन वर्षांची आहे, मूळ रकमेच्या दहापटीपर्यंत नुकसानभरपाई देण्याचा अधिकार प्राधिकाऱ्याला आहे, आणि देणे दिले हे सिद्ध करण्याचा भार कलम ५९ नुसार मालकावर असतो. पत्राची एक प्रत ज्या कंपनीचा माल आपण वाहता तिलाही पाठवा, कारण कंत्राटदाराने पैसे दिले नाहीत तर ही जबाबदारी तिच्यावरही आणण्याचा प्रयत्न कलम ४३ च्या आधारे करता येईल. स्वतःच्या दुचाकीवर प्रत्येक पार्सलमागे पैसे घेऊन काम करणाऱ्या ॲपवरील मित्रांना हा सल्ला जसाच्या तसा लागू पडणार नाही. आपण मात्र मासिक पगारावर आहात आणि बँकेचे पासबुकच ते दाखवते. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. औद्योगिक कामगाराला तेथे विनामूल्य वकील मिळण्याचा हक्क विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ ने दिला आहे, आणि १५१०० या क्रमांकावर प्राथमिक चौकशी करता येते. जाताना पासबुक, ट्रिप शीट आणि त्या इंग्रजी कागदाचे छायाचित्र सोबत असू द्या.