वर्गाची घडी बसवायची तर पहिले दोन आठवडे द्या

नव्या वर्षी तुमच्याकडे दुसरीचा वर्ग येणार आहे, पस्तीसेक मुलं असतील. तुम्ही वर्गाच्या नियमांची चौदा कलमं लिहून काढलीत आणि तीन गोष्टी विचारल्यात: यादीत काही राहिलंय का, नियम मोडला तर काय करायचं, आणि स्टिकर-चांदण्या द्याव्यात की नाही. मी बरीच वर्षं लहान वर्गांना शिकवत आले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

यादीत काही राहिलेलं नाही. उलट त्यातली दहा कलमं काढून टाका. चौदा नियम सात वर्षांच्या मुलाच्या लक्षात राहत नाहीत आणि आठवड्याभराने शिक्षकाच्याही राहत नाहीत. मग ज्या दिवशी जो आठवला तो लागू, असं होतं आणि मुलांना ते बरोबर कळतं. तीन-चार नियम पुरे. शिवाय तुमची बहुतेक कलमं 'नाही'ने संपतात. पळायचं नाही, ओरडायचं नाही, मध्ये बोलायचं नाही. मग करायचं काय, हे मुलाला कळायचं राहूनच जातं. 'वर्गात चालायचं', 'एक जण बोलत असताना बाकीच्यांनी ऐकायचं', 'हात-पाय आपल्यापाशी ठेवायचे', 'वस्तू जपायच्या' एवढ्यावर भागतं. 'सर्वांचा आदर करा' मोठ्यांना भारदस्त वाटतं, पण त्यात प्रत्यक्ष काय करायचं ते लहान मुलाला उमगत नाही. ठेवायचाच असेल तर तो करून दाखवावा लागेल: मैत्रीण वाचताना अडखळली, आता आपले डोळे कुठे असतील, तोंड कसं असेल, हसू फुटलं तर आपण काय करू?

नुसते नियम सांगून काय होतं, हे १९६८ साली मॅडसन, बेकर आणि थॉमस या संशोधकांनी अमेरिकेत दोन शिक्षिकांच्या वर्गांत टप्प्याटप्प्याने पाहिलं. नियम सांगितले, पुन्हा पुन्हा आठवण करून दिली, वागण्यात फारसा फरक पडला नाही. शिक्षिका नीट वागणाऱ्या मुलाची लगेच दखल घेऊ लागल्या आणि किरकोळ चुळबुळीकडे काणाडोळा करू लागल्या, तेव्हा फरक पडला. (किरकोळ म्हणजे खरोखर किरकोळ. मारामारी, चिडवणं, कुणाला इजा होईल असं काहीही यात येत नाही, तिथे तत्काळ थांबवायचं.)

आता मुख्य मुद्दा. वर्ग नियम नसल्यामुळे क्वचितच विस्कटतो. तो विस्कटतो दोन कामांच्या मधल्या जागेत. सकाळी आत येताना, वह्या जमा करताना, गणित संपून वाचन सुरू होताना, पेन्सिलीचं टोक मोडल्यावर, पाणी प्यायला किंवा शौचालयात जायचं असताना, काम लवकर संपल्यावर, घरी निघताना. अशा प्रत्येक जागी काय करायचं याची ठरलेली रीत हवी, आणि ती रीत पाढ्यांसारखी शिकवावी लागते: दाखवून, म्हणवून घेऊन, घोटून, विसरली की पुन्हा. अमेरिकेत टेक्सासमध्ये एमर, एव्हर्टसन या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिसरीच्या वर्गांचं वर्षाच्या सुरुवातीपासून निरीक्षण केलं आणि १९८० मध्ये निष्कर्ष मांडले. ज्यांचे वर्ग पुढे वर्षभर सुरळीत चालले, त्या शिक्षकांनी पहिल्या काही आठवड्यांत या रीती विषयासारख्या शिकवल्या होत्या आणि मुलं त्या पाळतात का याकडे बारीक लक्ष दिलं होतं. अभ्यासक्रम मागे पडेल म्हणून या दिवसांवर पाणी सोडू नका. दोन आठवड्यांत जे दिलं जातं ते पुढे रोजच्या वाचलेल्या मिनिटांतून परत मिळतं.

उदाहरणार्थ वह्या जमा करणं. बहुतेक वर्गांत वह्या मागून पुढे येतात. मागचं मूल पुढच्याच्या पाठीवर वही टोचतं, पुढचं वळतं, भांडण लागतं, आणि पुढच्यांच्या आडून तुम्हाला ते दिसतही नाही. त्याऐवजी रांगेतल्या रांगेत आडव्या जाऊ द्या, डावीकडून उजवीकडे. सगळ्यांचे हात तुमच्या नजरेत राहतात. हे शिकवताना आधी दोन वाक्यांत कारण सांगा, मग स्वतः करून दाखवा, आणि मुलांना विचारा, 'मी काय काय केलं?' त्यांना बारीकसारीक सांगू द्या: वही बंद होती, नाव वर होतं, तुम्ही शेजारच्याकडे बघून दिलीत. मग एका मुलाने दाखवायचं, मग एका रांगेने, मग सगळ्यांनी. चुकीची पद्धत मुलांकडून कधी करून घेऊ नका. त्यावर हशा पिकतो आणि नेमकं तेच लक्षात राहतं.

रीत बिघडली की ओरडण्याऐवजी 'थांबा, पुन्हा एकदा करू' एवढंच म्हणा. आवाज नेहमीचा. सुरात चीड आली की तो सराव राहत नाही, शिक्षा होते. दोनदा-तीनदा पुन्हा केलं की बहुतेक वर्ग जागेवर येतो.

पेन्सिलीचं वेगळं सांगते, कारण दुसरीत पेन्सिल हा अर्ध्या गोंधळाचा उगम असतो. टोक करायला मूल उठतं, कचऱ्याच्या डब्यापाशी तिघे जमतात, गप्पा सुरू होतात. दोन डबे ठेवा, एकात टोक केलेल्या पेन्सिली, दुसऱ्यात मोडलेल्या. टोक मोडलं की न विचारता मोडलेली तिच्या डब्यात टाकायची, टोक केलेल्यांच्या डब्यातून चांगली घ्यायची, जागेवर बसायचं. टोकं करण्याचं काम घरी जाण्याआधी, ज्यांची पाळी असेल त्या दोघांचं.

शौचालयासाठी हाताची एक खूण ठरवा. मूल खूण करेल, तुम्ही मान हलवाल, शिकवणं थांबणार नाही. एका वेळी एक मुलगा, एक मुलगी. पण घाईची लागली असेल तर कुणालाही, कधीही, कुठल्याही रीतीपायी अडवू नका. लहान मुलाला थांबवून ठेवण्याने अपघात होतो, वर्गासमोर लाज वाटते, आणि लघवी धरून ठेवण्याची सवय लागली तर तब्येतीवर परिणाम होतो. कुणी रोज गणिताच्याच तासाला जात असेल, तर त्याला जाऊ द्या आणि नंतर गणित कुठे अडतंय ते शोधा.

लवकर काम संपवणारी मुलं हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. 'झालं, आता काय करू?' हा प्रश्न एका तासात दहादा आला की तुम्ही अडलेल्या मुलापर्यंत पोचूच शकत नाही. उत्तर कायमचं आणि एकच ठेवा: आधी तपास, मग पुस्तक घे. जास्तीची गणितं देऊ नका. पटपट काम करणाऱ्याला आणखी काम मिळतं हे मुलं आठवड्यात ओळखतात आणि मुद्दाम रेंगाळतात. अडलेल्यांसाठीही क्रम ठरवा: स्वतः पुन्हा वाच, शेजाऱ्याला हळू विचार, तरीही अडलं तर हात वर कर आणि पुढचं सोडवत राहा.

शांततेची खूण एकच असू द्या. हात वर करणं, छोटी घंटा, टाळ्यांचा ठेका, काहीही चालेल. मात्र आवाजाबरोबर दिसणारी खूणही असावी, कारण एखाद्या मुलाला कमी ऐकू येत असतं आणि ते वर्षाच्या सुरुवातीला कुणाच्या लक्षात आलेलं नसतं. आणि एक पथ्य कडकपणे पाळा: सगळे शांत झाल्याशिवाय पहिला शब्द बोलायचा नाही. पाच जण बोलत असताना सूचना सुरू केलीत, की बोलत बसलं तरी चालतं हे तुम्हीच शिकवलंत. सुरुवातीला ही वाट पाहणं फार लांब वाटतं. तरी वाट पाहा.

हात वर करण्याच्या रीतीत वाट पाहणं आणखी कामाचं आहे. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांतल्या संवादांच्या ध्वनिफिती तपासल्या. शिक्षक प्रश्न विचारून सरासरी सेकंदभरच थांबत होते. ते ३ सेकंदांवर नेल्यावर उत्तरं लांबली, आणि एरवी गप्प राहणारी मुलंही बोलू लागली. म्हणून आधी प्रश्न, मग मनात तीन अंक, मग नाव. नाव आधी घेतलंत की बाकीची मुलं विचार करणं सोडून देतात.

आता तुमचा दुसरा प्रश्न, नियम मोडल्यावर काय. जेकब कूनिन नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी नेमकं हेच शोधायला घेतलं होतं. त्यांच्या महाविद्यालयीन वर्गात एक विद्यार्थी वर्तमानपत्र उघडून बसला, त्याला ते रागावले, आणि त्यांना दिसलं की ज्यांना काहीच बोललं नव्हतं तेही सावरून बसले. त्यावरून त्यांनी शाळांच्या वर्गांचं चित्रीकरण करून अभ्यास केला आणि १९७० मध्ये निष्कर्ष छापले. खोडी झाल्यानंतर शिक्षक काय करतात, यावरून चांगला चाललेला वर्ग आणि विस्कटलेला वर्ग वेगळा ओळखू येत नव्हता. फरक खोडी होण्याआधीचा होता: शिक्षकाचं चौफेर लक्ष, एकाशी बोलताना बाकीच्यांचं भान, आणि एका कामातून दुसऱ्यात जाताना न तुटणारी गती. म्हणून शिक्षांची पायरी-पायरीने यादी करण्यात वेळ घालवू नका. वर्गात फिरत राहा, जवळ जाऊन उभे राहा, हळू आवाजात एकच वाक्य बोला, आणि जे बिघडवलं ते त्याच मुलाकडून नीट करून घ्या. पाणी सांडलं तर पुसायचं, कुणाला लागेल असं बोलला तर त्याच्याशी जाऊन बोलायचं. सगळ्यांसमोर फळ्यावर नाव लिहू नका. लाजवलेलं मूल अभ्यासाकडे वळत नाही, तुम्हाला टाळायला शिकतं. आणि एकाने केलं म्हणून सगळ्यांची सुट्टी कापणं तर अजिबात नको, ज्यांनी काही केलं नाही त्यांच्यावर तो अन्याय आहे.

एखाद्या मुलाचं तरीही सारखं बिनसतं. त्याच्यासाठी आठवडाभर फक्त नोंद करा: कधी, कुठे, त्याच्या आधी काय चाललं होतं. बहुतेकदा धागा सापडतो: लिहिण्याआधी, मोठ्या आवाजात, किंवा अचानक वेळापत्रक बदललं की. दिवसाचं वेळापत्रक फळ्याच्या कोपऱ्यात चित्रांसह ठेवलं आणि बदल आधी सांगितला, तर स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांना आणि एकूणच अस्वस्थ होणाऱ्या मुलांना फार आधार मिळतो. त्या मुलाच्या घरी पहिला निरोप चांगल्या गोष्टीचा जाईल एवढं पाहा. पुढे अडचण सांगायची वेळ आली, तर पालक ऐकून घेतील.

स्टिकरबद्दल. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांचा १९७३ चा प्रयोग शिक्षकाने माहीत करून घ्यावा असा आहे. चित्र काढायची मुळातच आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांपैकी काहींना चित्रासाठी प्रशस्तिपत्र देण्याचं आधीच कबूल केलं. काही दिवसांनी ही मुलं आपणहून चित्रं काढण्यात इतरांच्या जवळपास निम्माच वेळ घालवत होती. ज्यांना तेच प्रशस्तिपत्र अचानक मिळालं होतं त्यांची आवड टिकून होती. म्हणून वाचन, चित्र, गोष्ट सांगणं यांना स्टिकर लावू नका. रांग लावणं, आवराआवर अशा कंटाळवाण्या कामांना सुरुवातीला थोडं कौतुक चालेल, तेही सगळ्या वर्गाचं मिळून, आणि हळूहळू कमी करत नेलेलं. कौतुकात नेमकं काय केलं ते सांगा: 'आज वह्या कुणी न बोलता जमा झाल्या.' 'शाब्बास' ऐकून मुलाला आनंद होतो, पण आपण काय बरोबर केलं ते कळत नाही. चांदण्यांचा तक्ता भिंतीवर मला पटत नाही, कारण सप्टेंबर येईतो सगळ्यात कमी चांदण्या कुणाच्या हे सगळ्या वर्गाला पाठ झालेलं असतं.

पहिल्याच दिवशी सगळं शिकवू नका. आत येणं, शांततेची खूण, शौचालयाची खूण आणि घरी निघणं, एवढं बास. वह्या, पेन्सिली, लवकर संपणारं काम हे दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून, ज्या दिवशी त्याची गरज पडेल त्याच दिवशी. मोठ्या सुट्टीनंतर दोन दिवस पुन्हा उजळणीचे धरा. मध्येच नवं मूल आलं, तर त्याला रीती शिकवायचं काम एका मुलाकडे द्या. शक्यतो शांत बसणाऱ्या, फारसं पुढे न येणाऱ्या मुलाकडे.

आणि तुम्ही विचारलं नाहीत, पण या सगळ्या रीती एका कागदावर लिहून टेबलाच्या खणात ठेवा. तुम्ही रजेवर असताना बदली शिक्षक येतील. खूण कोणती, पेन्सिली कुठे, निघताना आधी कोणती रांग, कुणाला औषध घ्यायचं असतं, कोण गर्दीत घाबरतं, एवढं त्यात असलं तर मुलांचा दिवस नेहमीसारखा जातो.