रँक ओळखायला शिकताय? आधी खांदा की बाही ते बघा

भावा, सगळा तक्ता एका रात्रीत पाठ करायला जाऊ नकोस, दोन दिवसांत विसरशील. आर्मीत आधी एवढंच बघ की खूण बाहीवर आहे की खांद्यावर. बाहीवर व्ही आकाराच्या फिती म्हणजे एक लान्स नायक, दोन नायक, तीन हवालदार, झालं.

खरा घोळ खांद्यावर होतो. दोन स्टार लेफ्टनंटलाही असतात आणि सुभेदारालाही, फरक फक्त स्टारसोबतच्या आडव्या रंगीत पट्टीचा, ती दिसली की समोर जेसीओ (ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर) आहे, म्हणजे शिपायापासून वर चढत आलेला माणूस, वीसेक वर्षांची नोकरी सहज झालेला, आणि त्याला नव्या लेफ्टनंटनेसुद्धा ‘साहेब’च म्हणायचं असतं, त्यामुळे पट्टी बघायची सवय लावच. नुसते अशोकस्तंभाचे सिंह दिसले आणि पट्टी असली तर सुभेदार मेजर, नसली तर मेजर. सिंहासोबत एक स्टार लेफ्टनंट कर्नल, दोन कर्नल, तीन ब्रिगेडियर. तलवार आणि बॅटनची (छोट्या दांडीची) फुली आली की जनरल लोक सुरू.

आणि हो, रणगाड्यांच्या रेजिमेंटमध्ये हवालदाराला दफादार आणि सुभेदाराला रिसालदार म्हणतात, मराठा लाइट इन्फंट्रीत मात्र सुभेदारच. नेव्ही-एअरफोर्स नंतर घे, आत्ता मिसळू नकोस.