पावसाळ्यात पिल्लं घटली? नर बदलण्याआधी खाद्याची गोणी उघडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकच्या फार्मसी कॉलेजचं ॲनिमल हाऊस (प्रयोगाचे प्राणी ठेवायची जागा), विस्टार रॅट म्हणजे प्रयोगशाळेतले पांढरे उंदीर, जुलैपासून वेतं लहान होत चाललीत, काही माद्या गाभण वाटतात पण वीतच नाहीत. वरिष्ठ म्हणतात नर बदला. खाद्य म्हणजे पेलेट (दाबून केलेल्या तयार खाद्याच्या कांड्या), त्यावर मूठभर भिजवलेले हरभरे आणि गव्हाचा भरडा.

नर राहू द्या. मला पहिला संशय खाद्याचाच येतो, आणि तो तुमच्या 'गाभण वाटते पण वीत नाही' या वाक्यामुळे. १९२२ मध्ये कॅलिफोर्नियात इव्हान्स आणि बिशप यांनी उंदरांना चरबी घातलेला शुद्ध घटकांचा आहार दिला होता. माद्या धडधाकट वाढल्या, गाभणही राहिल्या, पण गर्भ पोटातच मरून जिरून गेले. लेट्यूसची पानं खायला घातल्यावर पिल्लं होऊ लागली. त्यातूनच ई जीवनसत्त्वाचा शोध लागला. खाद्यातलं तेल खवट झालं की हेच जीवनसत्त्व आधी नासतं, आणि मादी मात्र वरून ठणठणीत दिसत राहते.

आता गोणीकडे या. पेलेट २१ अंशांखाली आणि कोरड्या हवेत ठेवावं, तयार झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत संपवावं, असा सर्वसाधारण नियम आहे. नाशिकच्या जुलै-ऑगस्टमध्ये भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवलेली गोणी यात कुठे बसते? खरेदीची नव्हे, उत्पादनाची तारीख बघा. एक पेलेट मोडून वास घ्या. कुबट किंवा खवट आला तर अख्खी गोणी बाद. मका किंवा भुईमुगाच्या पेंडीवर बुरशी धरली तर अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष तयार होऊ शकतं. ते यकृतावर घाव घालतं आणि ऑटोक्लेव्हच्या (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राच्या) उष्णतेनेही जात नाही. उलट ऑटोक्लेव्हमध्ये थायामिन (ब१ जीवनसत्त्व) आणि अ जीवनसत्त्व घटतं, म्हणून खाद्य ऑटोक्लेव्ह करायचं असेल तर त्यासाठी जादा जीवनसत्त्वं घातलेलं खाद्यच मागवा. पिंजऱ्यावरच्या जाळीत नवं खाद्य जुन्यावर ओतू नका, तळातला भुगा महिनोन् महिने तिथेच राहतो.

हरभरे प्रेमापोटी घातले जातात हे मला माहीत आहे, पण ते बंद करा. उंदीर चवीचं आधी वेचतो आणि पोट भरलं की पेलेट सोडतो. हरभऱ्यात प्रथिनं चांगली असली तरी मिथिओनिन हे अमायनो आम्ल आणि कॅल्शियम कमी पडतं. गव्हात तर प्रथिनंही कमी. दूध पाजणाऱ्या मादीला हे परवडत नाही. एरवी १५ ते २० ग्रॅम खाणारी मादी तेव्हा दुप्पट-तिप्पट खाते. १९९३ च्या एआयएन (अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ न्यूट्रिशन) प्रमाणित आहारातही वाढीच्या आणि पिल्लं होण्याच्या काळासाठी २० टक्के केसीन (दुधातलं प्रथिन) आणि ७ टक्के तेल आहे, तर प्रौढांच्या देखभालीसाठी १४ आणि ४. म्हणून ब्रीडिंगचं पेलेट वेगळं मागवा आणि ते मोजून देऊ नका. जोडीला न लावलेल्या नरांना मात्र तेच सदैव घातलं तर ते लठ्ठ होतात, त्यांना देखभालीचं पुरे.

पाणी रोज बघा. बाटलीची नळी तुंबली की उंदीर खाणंच सोडतो, दूध आटतं आणि मादी पिल्लं खाऊ लागते. अशा वेळी दोष मादीला देऊ नये.

तुमच्याकडे हार्मोनवर प्रयोग चालू असतील तर सोयाबीन असलेल्या पेलेटमध्ये आयसोफ्लेवोन ही वनस्पतीतली द्रव्यं असतात, ती इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनसारखं काम करतात आणि प्रत्येक लॉटमध्ये (एका वेळी बनवलेल्या मालात) त्यांचं प्रमाण बदलतं. त्यामुळे लॉट नंबर ब्रीडिंगच्या वहीत लिहाच. चालू प्रयोगातल्या जनावरांचं खाद्य मध्येच बदलू नका. बदलणं भाग असेल तर आधी संस्थेच्या प्राणी नीती समितीला कळवा.

नवं खाद्य सुरू केल्यावर लगेच निकाल मागू नका. गर्भकाळ २१ ते २३ दिवसांचा, त्यामुळे माद्यांमधला फरक पुढच्या वेतात कळेल. नरांमध्ये शुक्राणू तयार व्हायलाच सुमारे ५२ दिवस लागतात, म्हणजे दोन महिने तरी कुठलाही नर काढू नका.