आईला वृद्धाश्रमात ठेवल्यावर पहिला महिना: काय बघायचं

ताई, पनवेल असो की घोडबंदर, फरशीच्या चकचकाटावर जाऊ नका. आणि दर रविवारी अकराला भेट हीच नवख्यांची पहिली चूक. त्या वेळेला सगळेच टापटीप असतात. कधी जेवणाच्या वेळी जा, कधी संध्याकाळी सातनंतर.

सगळ्यात आधी पाठ बघा. चादर बाजूला करून माकडहाड, टाचा, नितंबांची हाडं. लाल डाग बोटाने दाबून सोडा. पांढरा पडला नाही तर पडून राहिल्याने दाबामुळे होणाऱ्या जखमेची (बेडसोर) सुरुवात आहे. सावळ्या त्वचेवर लाली दिसत नाही, तिथे काळपट, गरम किंवा टणक भाग शोधा. झोपून असलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायला हवी. एअर बेड घेतला म्हणून हे सुटत नाही (इथे बहुतेक जण फसतात). भोकाची गोल उशी तर नकोच, कडेचा रक्तपुरवठा दाबला जातो.

बाकी थोडक्यात:
- भरवताना बसतं करा, नंतर अर्धा तास आडवं नको. नाहीतर घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो.
- लघवी गडद, जीभ कोरडी म्हणजे पाणी कमी पडतंय.
- अचानक गुंगी वाढली तर औषधांचा तक्ता मागा. झोपेची गोळी कोणी लिहिली, ते विचारा.

आयाबाईंशी भांडू नका. तारीख टाकून फोटो काढा, व्यवस्थापकाला लेखी द्या. दाद लागली नाही तर ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७. कायदेकानूंचं नंतर बघू.